परत केलेलं पत्र : क्युबा १९६२ आणि कागद वाचायची सवय

पेट पास होऊन सिनॉप्सिस लिहायला बसलेले ज्युनिअर्स भेटले, की एक प्रश्न हमखास येतो. "ताई, परराष्ट्र धोरणावर काम करायचंय, पण त्यात नवीन काय शोधणार? मोठ्या देशांबद्दल तर सगळं छापून आलंय." आज या प्रश्नाला सरळ उत्तर देत नाही. त्याऐवजी माझ्याच सिनॉप्सिसमधल्या एका वाक्याची गोष्ट सांगते. तुमचं उत्तर त्यातच मिळेल असं वाटतं.

माझा विषय केनेडी काळातलं अमेरिकेचं भारतविषयक धोरण. ऑक्टोबर १९६२ म्हटलं की आपल्याला चीनचं आक्रमण आठवतं. वॉशिंग्टनमध्ये मात्र त्या दिवसांत सगळ्यांचं लक्ष क्युबाकडे होतं. म्हणून पार्श्वभूमीच्या प्रकरणात मी क्युबावर दीड पान लिहिलं होतं. त्यात एक वाक्य होतं : 'केनेडी ठाम राहिले, त्यामुळे ख्रुश्चेव्ह यांना माघार घ्यावी लागली.' आपल्या पाठ्यपुस्तकांत आणि गाइडांत हे वाक्य थोड्याफार फरकाने सापडतंच. मॅडमनी त्याखाली पेन्सिलीने रेघ मारली आणि समासात लिहिलं, "कोण म्हणतं?"

मला वाटलं, संदर्भ द्यायचा राहिलाय. मी तळटीप टाकली : रॉबर्ट केनेडी, 'थर्टीन डेज'. राष्ट्राध्यक्षांचा सख्खा भाऊ, स्वतः अ‍ॅटर्नी जनरल, सगळ्या बैठकांना हजर. यापेक्षा भक्कम साक्षीदार कोण असणार? मसुदा पुन्हा परत आला. या वेळी समासात तीन प्रश्न होते. "यांनी हे कधी लिहिलं? कोणासाठी लिहिलं? छापण्याआधी कोणाच्या हातातून गेलं?"

या तीन प्रश्नांची उत्तरं शोधण्यात माझे चार महिने गेले. त्यातून जे समजलं ते तुमच्यापुढे ठेवते.

आधी घटना थोडक्यात

१४ ऑक्टोबर १९६२ ला अमेरिकेच्या यू-२ टेहळणी विमानाने क्युबावरून उडताना फोटो घेतले. त्यात सोव्हिएत मध्यम पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांचे तळ उभे राहताना दिसले. १६ तारखेला सकाळी ही बातमी केनेडींपर्यंत पोचली. निवडक सल्लागारांची एक समिती बसली. तिला पुढे 'एक्सकॉम' म्हटलं जाऊ लागलं. हवाई हल्ला करायचा, थेट स्वारी करायची, की समुद्रातून नाकेबंदी करायची, यावर खल झाला. २२ तारखेला केनेडींनी टीव्हीवरून भाषण करून नाकेबंदी जाहीर केली आणि २४ तारखेला ती अमलात आली.

२६ तारखेला ख्रुश्चेव्ह यांचं खासगी पत्र आलं. त्याचा मथितार्थ असा, की क्युबावर स्वारी करणार नाही असं वचन द्या, आम्ही शस्त्रं काढून घेऊ. दुसऱ्या दिवशी, २७ तारखेला, मॉस्को रेडिओवरून दुसरा संदेश आला आणि त्यात मागणी वाढलेली होती. तुर्कस्तानात अमेरिकेने बसवलेली क्षेपणास्त्रंही काढा, असं त्यात म्हटलं होतं. ही 'ज्युपिटर' जातीची १५ क्षेपणास्त्रं सोव्हिएत सीमेपासून फार लांब नव्हती. त्याच २७ तारखेला क्युबावर एक यू-२ विमान पाडलं गेलं आणि वैमानिक मेजर रुडॉल्फ अँडरसन मारले गेले. तो शनिवार या सगळ्या पेचातला सर्वांत धोक्याचा दिवस समजला जातो. २८ तारखेला, रविवारी, क्षेपणास्त्रं परत नेत असल्याचं ख्रुश्चेव्ह यांनी जाहीर केलं.

जगासमोर जे आलं ते एवढंच. वचन मिळालं, क्षेपणास्त्रं गेली. तुर्कस्तानचं काय झालं, हे कोणी बोललं नाही.

गोष्ट कशी रचली गेली

आता तारखा नीट लक्षात ठेवा, कारण या गोष्टीत सगळा खेळ तारखांचाच आहे.

पेच संपल्यावर दीड महिन्याच्या आत, डिसेंबर १९६२ मध्ये, 'सॅटर्डे इव्हनिंग पोस्ट' या साप्ताहिकात स्ट्युअर्ट अ‍ॅल्सॉप आणि चार्ल्स बार्टलेट यांचा लेख आला. बार्टलेट हे केनेडींचे जवळचे मित्र. लेखात संयुक्त राष्ट्रांतले अमेरिकेचे प्रतिनिधी अ‍ॅडलाय स्टीव्हन्सन यांच्यावर ठपका होता. त्यांनी तुर्कस्तानातल्या तळांच्या बदल्यात तडजोड सुचवली, म्हणजे त्यांना दुसरं म्युनिक हवं होतं, अशा अर्थाचं एका अधिकाऱ्याचं विधान त्यात नाव न देता छापलं होतं. १९३८ च्या म्युनिक करारात हिटलरपुढे मान तुकवली गेली, ही आठवण त्या पिढीच्या मनात ताजी होती. 'म्युनिक' हा शब्द म्हणजे शिवीच. तेव्हा संदेश स्पष्ट होता : देवाणघेवाणीची भाषा दुबळ्यांची, खरे नेते ठाम राहिले.

१९६३ च्या सुरुवातीला परराष्ट्रमंत्री डीन रस्क आणि संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅकनमारा या दोघांनीही संसदेच्या समित्यांसमोर सांगितलं, की तुर्कस्तानबाबत कुठलाही सौदा झालेला नाही. एप्रिल १९६३ संपेपर्यंत ज्युपिटर क्षेपणास्त्रं तिथून हलली. कारण असं दिलं गेलं, की ती जुनी झाली आहेत आणि आता भूमध्य समुद्रातल्या पोलॅरिस पाणबुड्या ते काम करतील. कारण खोटं नव्हतं. पण ते पूर्णही नव्हतं.

१९६५ मध्ये केनेडींच्या दोन निकटवर्तीयांची, आर्थर श्लेसिंजर आणि थिओडोर सोरेन्सन यांची, जाडजूड पुस्तकं आली. सौदा झाला हे दोन्हींत नाही. मग १९६९ मध्ये, रॉबर्ट केनेडींच्या हत्येनंतर, 'थर्टीन डेज' प्रसिद्ध झालं. त्यात २७ तारखेच्या रात्रीची सोव्हिएत राजदूत अनातोली डोब्रिनिन यांच्याशी झालेली भेट आहे. तुर्कस्तानचा विषय निघाला हेही आहे. पण देवाणघेवाण होऊ शकत नाही असं आपण बजावलं, राष्ट्राध्यक्षांना ती क्षेपणास्त्रं आधीपासूनच काढायची होती आणि तसे आदेशही दिलेले होते, अशा सुरात ते सांगितलंय.

म्हणजे १९७० साली एखाद्याने या विषयावर पीएचडी केली असती, तर त्याच्या टेबलावर एक लेख, मंत्र्यांच्या दोन साक्षी आणि तीन पुस्तकं असती, आणि सगळ्यांची साक्ष एकच निघाली असती. आपण म्हणतो ना, चार सोर्स जुळले की विधान पक्कं? इथे चारांहून जास्त जुळत होते. पण सगळे एकाच घरातून आलेले होते.

शनिवारची रात्र

प्रत्यक्षात काय झालं ते आज आपल्याला बऱ्यापैकी माहीत आहे. २७ तारखेच्या संध्याकाळी एक्सकॉमची मोठी बैठक थांबली तेव्हा केनेडींनी मोजक्या लोकांना आपल्या कार्यालयात बोलावलं. जमले ते नऊ जण, राष्ट्राध्यक्ष धरून. तिथे ठरलं, की रॉबर्ट केनेडींनी डोब्रिनिनना भेटून तोंडी सांगायचं : क्युबातली क्षेपणास्त्रं हलली, की काही महिन्यांत तुर्कस्तानातलीही हलतील. मात्र हे कुठेही जाहीर करायचं नाही आणि सोव्हिएत बाजूने जाहीर केलं तर शब्द संपला. उपाध्यक्ष लिंडन जॉन्सन त्या नऊ जणांत नव्हते. रस्क आणि मॅकनमारा होते. हो, तेच दोघे, ज्यांनी पुढे संसदेत सौदा नाही म्हणून सांगितलं.

या छोट्या बैठकीचं ध्वनिमुद्रण नाही. मोठ्या बैठकांचं आहे. निर्णय जिथे झाला नेमका तिथेच कागद आणि टेप दोन्ही गप्प आहेत, हे लक्षात ठेवा. तुमच्याही विषयात असं होणार आहे.

डोब्रिनिन यांनी त्या रात्री मॉस्कोला तार पाठवली. त्यांच्या तारेनुसार रॉबर्ट केनेडी म्हणाले, की तोडग्याच्या आड येणारी गोष्ट तेवढीच असेल तर राष्ट्राध्यक्षांना त्यात दुस्तर अडचण दिसत नाही; चार-पाच महिने लागतील; आणि हे वॉशिंग्टनमध्ये फार थोड्या लोकांना ठाऊक आहे.

रॉबर्ट केनेडींनीही त्याच भेटीचा अहवाल लिहिला, ३० ऑक्टोबरला, रस्क यांच्यासाठी. त्यात मात्र असा कुठलाही सौदा होऊ शकत नाही, हा 'नाटो'चा प्रश्न आहे, असं लिहिलंय. त्याच्या मसुद्यात पुढे एक वाक्य होतं : काही काळ गेला, चार-पाच महिने, तर हे प्रश्न समाधानकारक रीतीने सुटतील अशी खात्री आपण दिली. हे वाक्य खोडलेलं आहे.

एकच भेट, एकच खोली, दोन माणसं आणि दोन अहवाल. जुळतं ते 'चार-पाच महिने', आणि नेमकं तेच एका बाजूला खोडलेलं.

आता या लेखाला ज्याचं नाव दिलंय ते पत्र. २८ तारखेला ख्रुश्चेव्ह यांनी केनेडींना एक खासगी पत्र लिहिलं. तुर्कस्तानबद्दल आपल्यात जे ठरलंय त्याचा त्यात स्पष्ट उल्लेख होता. व्यवहारी माणूस पावती मागतोच, तसंच हे. डोब्रिनिन यांनी ते २९ तारखेला रॉबर्ट केनेडींच्या हाती दिलं. ३० तारखेला रॉबर्ट केनेडींनी ते परत आणून दिलं. डोब्रिनिन यांच्या तारेनुसार त्यांनी कारणही सांगितलं : अशी पत्रं पुढे कधी आणि कुठे बाहेर येतील सांगता येत नाही, आणि हे पत्र बाहेर आलं तर माझ्या राजकीय भवितव्याचं भरून न येणारं नुकसान होईल. शब्द पाळू, पण कागद नको.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा लायब्ररीत बसले होते. मला वाटायचं, धोरण आधी घडतं, मग त्याचे कागद उरतात आणि आपण नंतर जाऊन ते वेचतो. इथे तर कागद उरू न देणं हाच धोरणाचा भाग होता. ३० ऑक्टोबर १९६२ ला रॉबर्ट केनेडी फक्त डोब्रिनिनशी बोलत नव्हते. पुढे कधीतरी कपाट उघडणाऱ्या तुमच्या-माझ्यासारख्या माणसाचाही ते विचार करत होते.

सत्य हप्त्याहप्त्याने बाहेर आलं

मग हे कळलं कसं? कोणा एका धाडसी संशोधकाला एक फाइल सापडली असं झालेलं नाही. जवळजवळ पंचवीस वर्षं लागली.

जुलै १९७३ मध्ये वॉटरगेटच्या चौकशीत निक्सन यांच्या टेप्सची गोष्ट फुटली आणि पाठोपाठ केनेडींनीही बैठका गुपचूप ध्वनिमुद्रित केल्या होत्या हे जाहीर झालं. त्या टेप्स टप्प्याटप्प्याने १९८० आणि १९९० च्या दशकांत खुल्या झाल्या. २७ तारखेच्या टेपमध्ये ऐकू येतं ते असं, की तुर्कस्तानची देवाणघेवाण जगाला वाजवीच वाटेल, हे वारंवार सांगणारा माणूस स्वतः राष्ट्राध्यक्ष आहे आणि बहुतेक सल्लागार त्याला विरोध करतायत. ज्या 'म्युनिक'साठी स्टीव्हन्सन यांची अब्रू गेली, ती भूमिका केनेडी स्वतः मांडत होते.

१९८० मध्ये इतिहासकार बार्टन बर्नस्टाइन यांनी एक लेख लिहून दुसरा खांब हलवला. ज्युपिटर काढण्याचे आदेश आधीच दिलेले होते, या दाव्याला कागदांचा आधार मिळत नाही, असं त्यांनी दाखवलं. ऑगस्ट १९६२ चं एक आदेशपत्र आहे खरं, पण त्यात ती क्षेपणास्त्रं हलवण्यासाठी काय करता येईल ते तपासा, एवढंच म्हटलंय. 'तपासा' आणि 'काढा' यांतला फरक सरकारी नोकरीतल्या कोणालाही विचारा.

१९८७ मध्ये एका परिषदेत रस्क यांचं पत्र वाचून दाखवण्यात आलं. १९८८ मध्ये मॅकजॉर्ज बंडी यांनी आपल्या पुस्तकात त्या नऊ जणांच्या बैठकीची हकिकत सांगितली. आणि जानेवारी १९८९ मध्ये मॉस्कोच्या परिषदेत डोब्रिनिन यांनी उघड म्हटलं, की सौदा झाला होता. तिथे सोरेन्सन हजर होते. त्यांनी कबूल केलं, की रॉबर्ट केनेडींच्या रोजनिशीत याचा स्पष्ट उल्लेख होता, पण ते तेव्हाही अमेरिकेच्या बाजूने गुपितच होतं, म्हणून 'थर्टीन डेज'चं संपादन करताना मीच तो काढला.

मॅडमचा तिसरा प्रश्न आठवतोय? "छापण्याआधी कोणाच्या हातातून गेलं?" उत्तर : सोरेन्सन यांच्या. १९६५ साली सौद्याचा उल्लेख टाळून स्वतःचं पुस्तक लिहिणारा माणूस १९६९ साली दुसऱ्याच्या पुस्तकाचा संपादक होता. मी मात्र तळटिपांत या दोघांना दोन स्वतंत्र सोर्स म्हणून मोजलं होतं.

सोव्हिएत संघ कोसळल्यावर १९९० च्या दशकाच्या मध्यावर डोब्रिनिन यांच्या तारा छापून आल्या आणि चित्र बरंचसं पूर्ण झालं.

पण घाई नको

इथवर आलं की आपल्या सगळ्यांना एक मोह होतो. जुनी गोष्ट खोटी ठरली ना? मग उलटी गोष्ट खरी. मीही दुसऱ्या मसुद्यात लिहून टाकलं, 'तुर्कस्तानच्या गुप्त सौद्यामुळेच पेच सुटला.' समासात पुन्हा तेच : "कोण म्हणतं?"

सौदा झाला, हे एक विधान. सौद्यामुळे ख्रुश्चेव्ह मागे हटले, हे दुसरं. पहिल्याला आता भरपूर पुरावा आहे. दुसऱ्याचं तसं नाही. अलेक्झांडर फुर्सेन्को आणि टिमोथी नाफ्ताली यांनी सोव्हिएत कागद पाहून १९९७ मध्ये लिहिलेल्या पुस्तकानुसार, २८ तारखेच्या बैठकीत डोब्रिनिन यांची तार वाचली गेली त्याआधीच ख्रुश्चेव्ह यांचं मन माघारीकडे झुकलेलं होतं. विमान पाडलं गेलं होतं, परिस्थिती हातातून निसटते आहे ही भीती दोन्ही राजधान्यांत होती. सौद्याने माघार सोपी केली असं म्हणता येतं. 'मुळेच' म्हणता येत नाही. शोधनिबंधात 'मुळेच' हा शब्द लिहिताना हात जरा थांबू द्या.

नवे सोर्सही काही देवळातून आलेले नाहीत. डोब्रिनिन आपल्या वरिष्ठांसाठी लिहीत होते आणि कुठलाही राजदूत आपली भेट निष्फळ गेली असं सहसा लिहीत नाही. टेप्सचंही तसंच. ध्वनिमुद्रण चालू आहे हे राष्ट्राध्यक्षांना माहीत होतं, समोरच्या बहुतेकांना नव्हतं. शिवाय टेप ऐकणं एक आणि छापील उतारा वाचणं वेगळं. १९९७ मध्ये या टेप्सचे उतारे पुस्तकरूपाने आले, तेव्हा केनेडी लायब्ररीत इतिहासकार म्हणून काम केलेले शेल्डन स्टर्न यांनी मूळ टेप्स पुन्हा ऐकून त्यांत कितीतरी चुका दाखवल्या. रॉबर्ट केनेडी सुरुवातीपासून शांततेच्या बाजूने होते, ही समजूतही टेप ऐकल्यावर टिकत नाही असं त्यांनी मांडलं.

रस्क यांच्या १९८७ च्या पत्रात आणखी एक गोष्ट होती. ख्रुश्चेव्ह मागे हटले नसते तर संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस ऊ थांट यांच्याकडून उघड देवाणघेवाण सुचवून घ्यायची, अशी एक राखीव वाट केनेडींनी तयार ठेवली होती आणि त्यासाठी अँड्र्यू कॉर्डिअर यांना मजकूर दिला होता, असं रस्क सांगतात. विलक्षण माहिती आहे. पण ती मुख्यतः एका माणसाच्या पंचवीस वर्षांनंतरच्या आठवणीवर उभी आहे आणि कॉर्डिअर तोवर हयात नव्हते. मी ती वापरली, पण 'रस्क यांच्या म्हणण्यानुसार' हे शब्द जोडूनच.

आणखी एक गंमत. नाकेबंदी सुरू झाल्यावर २४ तारखेला दोन्ही बाजू डोळ्याला डोळा भिडवून उभ्या होत्या आणि समोरच्याची पापणी आधी लवली, अशा अर्थाचे रस्क यांचे उद्गार प्रसिद्ध आहेत. समोरासमोर आलेली जहाजं डोळ्यांपुढे उभी राहतात. पत्रकार मायकेल डॉब्ज यांनी अमेरिकन नौदलाच्या नोंदींवरून जहाजांच्या जागा नकाशावर मांडल्या. क्षेपणास्त्रं नेणारं 'किमोव्स्क' हे जहाज त्या वेळी शेकडो मैल दूर होतं आणि आदल्या दिवशीच मागे वळलं होतं. त्यांचं पुस्तक २००८ चं. म्हणजे शेकडो पुस्तकं होऊन गेल्यावरही कोणीतरी साधी जहाजांची जागा तपासायची राहिली होती. "नवीन काय शोधणार?" असं विचारणाऱ्यांसाठी हे उदाहरण खास राखून ठेवलं होतं.

याने काय फरक पडतो?

व्हायव्हात हा प्रश्न येतोच, म्हणून आत्ताच तोंड देऊ.

फरक असा, की परराष्ट्र धोरण ठरवणारे लोकही इतिहासच वाचून निर्णय घेतात. १९३८ चं म्युनिक वाचून १९६२ ची माणसं बोलत होती. मग १९६२ वाचून पुढची माणसं बोलू लागली. त्यांना मिळालेला धडा असा होता, की ताकद दाखवा, ठाम राहा, दबाव पायरीपायरीने वाढवा, समोरचा हटतो. देवाणघेवाणीचं पान त्या पुस्तकातून फाडलेलं होतं. नोव्हेंबर १९६३ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले ते जॉन्सन, जे त्या नऊ जणांत नव्हते. १९६५ मध्ये त्यांनी व्हिएतनामचं युद्ध वाढवलं. क्युबातून काढलेल्या चुकीच्या धड्याने त्या निर्णयांना बळ दिलं, असं अनेक अभ्यासक मानतात. किती बळ दिलं हे मोजणं कठीण आहे आणि व्हिएतनामची कारणं पुष्कळ होती. पण ज्यांना खरं माहीत होतं, त्या मॅकनमारा, रस्क आणि बंडी यांनीही तो धडा दुरुस्त केला नाही, एवढं तर कागदांवरून दिसतं.

आणि ज्यांच्या जमिनीवर ही क्षेपणास्त्रं होती त्यांचं काय? २७-२८ तारखेला ठरलं तेव्हा ना क्युबाला विचारलं गेलं ना तुर्कस्तानला. 'महासत्तांची मुत्सद्देगिरी' असं शीर्षक देताना हेही एका ओळीत का होईना, लिहायला हवं.

आता तुमचं टेबल

माझ्या टेबलासमोरच्या भिंतीवर आता एक कागद चिकटवलाय. कोणताही दस्तऐवज हातात आला की त्यावरचे प्रश्न विचारते. हा कागद कोणी, कधी आणि कोणाच्या डोळ्यांसाठी लिहिला? तो टिकावा असं कोणाला वाटत होतं आणि कोणाला वाटत नव्हतं? याच घटनेचा दुसऱ्या बाजूचा कागद आहे का? माझे चार सोर्स खरोखर चार आहेत, की एकच माणूस चार दारांतून येतोय? आणि जिथे निर्णय झाला त्या खोलीचा कागद नाही, तर का नाही?

साधनांची अडचण म्हणाल तर ती पूर्वीइतकी नाही. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची दस्तऐवजांची जी मालिका १८६१ पासून निघते आहे, तिचे केनेडी काळातले खंड खात्याच्या इतिहास विभागाच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. क्युबाचा खंड आहे, दक्षिण आशियाचाही आहे. फक्त विसरू नका, की हे निवडलेले कागद आहेत आणि निवडणारं खातं तेच आहे. गाळलेल्या ओळींच्या जागी कंस दिसले की तिथे थांबा.

आणि हे सगळं घरी आणा. २० ऑक्टोबर १९६२ ला चीनने हल्ला केला. दोनच दिवसांनी केनेडींचं ते भाषण झालं. दिल्लीतले अमेरिकन राजदूत जॉन केनेथ गालब्रेथ यांनी आपल्या रोजनिशीत तक्रार केली आहे, की वॉशिंग्टन क्युबात गुंतलंय आणि आपल्याला सूचना मिळत नाहीत. १९ नोव्हेंबरला नेहरूंनी केनेडींना हवाई मदत मागणारी दोन पत्रं लिहिली. त्यांचा मजकूर कित्येक दशकं बंद होता. त्याच नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावून गेला, हे वाक्य आपण लहानपणापासून ऐकतोय. पराभवाची चौकशी करणारा हेंडरसन ब्रुक्स–भगत अहवाल मात्र सरकारने अजून अधिकृतपणे प्रसिद्ध केलेला नाही.

म्हणजे आपल्याकडेही एक गोष्ट आहे, ती तोंडपाठ आहे आणि तिच्यातही न उघडलेली कपाटं आहेत. त्यावर काम करायचं असेल तर सुरुवात सोपी आहे. तुमच्या सिनॉप्सिसमधलं सर्वांत खात्रीचं वाटणारं वाक्य घ्या, त्याखाली पेन्सिलीने रेघ मारा आणि समासात दोनच शब्द लिहा.

माझं ते मूळ वाक्य आता असं आहे : 'केनेडी सरकारने उघडपणे ठाम भूमिका घेतली आणि खासगीत तुर्कस्तानबाबत आश्वासन दिलं, ख्रुश्चेव्ह यांच्या माघारीत या दोन्हींचा वाटा किती, याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत.' आधीच्यापेक्षा लांब आहे, वाचायला तितकं खणखणीतही नाही. पण या वेळी समास कोरा परत आला.